‘तर्री’ समुद्रावर जाते

नागपूरला समुद्र नाही, ही बातमी ज्यांनी ज्यांनी मला आपुलकीने सांगितली, त्या सर्वांचा मी आधी आभारी आहे. त्यात आमच्या सोसायटीचे यच्चयावत सभासद आले, कळमेश्वरच्या आमच्या कारखान्यातला निम्मा खरेदी विभाग आला, माझे सासरे आले आणि एका टोलनाक्यावरचा माणूसही आला. कोणी सांगितलं नसतं तर मी शेवटपर्यंत गाफील राहिलो असतो, असा या सर्वांचा प्रामाणिक समज होता. मी प्रत्येकाचं म्हणणं मान हलवून ऐकून घेतलं. बोट विकत घेतलेल्या माणसाच्या मित्राला दुसरं करता तरी काय येतं?

कारण बोट मुळात माझी नव्हतीच. ती दुर्गेशची. दुर्गेशचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे. गंज, गुंड, पराती आणि लग्नात देण्याचे स्टीलचे डबे यांत त्याचा हात धरणारा कोणी नाही. बंद पडलेल्या एका वॉटर पार्कच्या भंगाराचा लिलाव होता, तिथे तो पितळी नळ घ्यायला गेला आणि येताना ट्रेलरवर मोटारबोट घेऊन आला. नळांसाठी वर केलेला हात चुकून बोटीवर पडला, असं तो सांगतो. त्याच्या दुकानाच्या गल्लीत समोरासमोर दोन हातगाड्या आल्या तरी एकीला मागे सरावं लागतं, तेव्हा बोट तिथे ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. “सुमंत, थोडे दिवस तुह्या पार्किंगमध्ये राहू दे,” तो म्हणाला. मी हो म्हणालो. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच एका शब्दाने आलेली आहेत.

सोसायटीची तातडीची सभा भरली. बोट दुचाकी धरायची की चारचाकी, यावर बराच खल झाला. तिसऱ्या मजल्यावरचे बाबाराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे पाणी या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, “ज्याले चाकंच नाही, त्याले पार्किंगचा नियम लागत नाही.” यावर कोणीतरी ट्रेलरच्या चाकांचा मुद्दा काढला आणि सभा पुढच्या रविवारवर गेली. मधल्या काळात उन्हं कडक झाली आणि बायकांना बोटीच्या ताडपत्रीवर कुरडया फार छान वाळतात असा शोध लागला. एकदा कुरडया पडल्यावर बोट हलवा म्हणण्याची छाती सोसायटीत एकाही पुरुषाला झाली नाही. त्या कुरडयांचेही आभार मानायला हवेत. त्या नसत्या तर बोट पावसाळ्यापूर्वीच पुन्हा भंगारात गेली असती.

तिसरा भागीदार धम्मानंद. हा आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा विषय शिकवतो. बोटीचं इंजिन उघडून बघायला म्हणून तो एका संध्याकाळी आला, आणि त्यानंतर त्याने नातेवाइकांच्या लग्नांना जाणं बंद केलं. इंजिन चालू झालं. मग रंग लावायचा ठरला. दुर्गेशकडे लाल होता, माझ्याकडे गॅलरीच्या ग्रिलचा केशरी उरला होता, दोन्ही मिसळून जो काही रंग आला तो हुबेहूब आमच्याकडे पोह्यांवर ओततात त्या तेलकट लाल रश्श्याचा होता. म्हणून बोटीचं नाव ‘तर्री’ पडलं.

कॅप्टन मला करण्यात आलं. मला वाटलं, माझ्यातले नेतृत्वगुण कोणीतरी अखेर ओळखले. पण कारण वेगळं होतं. मला पोहता येत नाही. कॅप्टनने शेवटपर्यंत बोट सोडायची नसते आणि मी ती सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, असा धम्मानंदचा हिशोब. सुकाणू माझ्या बायकोने, म्हणजे अश्लेषाने, न विचारताच हातात घेतलं. दर शनिवारी ती इतवारीच्या गर्दीतून स्कूटर काढते. तिच्यापुढे तलाव म्हणजे किरकोळ गोष्ट होती. दुर्गेशकडे खाण्यापिण्याची व्यवस्था आणि बोट डावीकडे कलली की उजवीकडे बसणं, एवढी दोन कामं होती, आणि ती त्याने शेवटपर्यंत चोख बजावली.

आमची पहिली धर्मादाय सफर रामटेकच्या पलीकडे, धरणाच्या मागच्या अंगाला असलेल्या सोनडोह गावची. पाऊस जरा उघडला होता. डोळ्यांच्या शिबिरासाठी डॉक्टर आणि चष्म्यांची खोकी पाण्यापलीकडे न्यायची होती, आणि आयोजकांना कुठूनतरी आमची बोट कळली होती. आम्ही नारळ फोडला, फोटो काढले, निघालो. मध्यावर गेल्यावर इंजिन बंद पडलं. मी उभा राहून “कोणीही घाबरू नका,” असं अशा काही आवाजात म्हणालो की तोवर निवांत बसलेले डॉक्टर एकदम घाबरले.

तेवढ्यात समोरून लाकडी डोंगा वल्हवत एक बाई आली. पन्नाशीची, पदर कमरेला खोचलेला. तिने आमच्याकडे पाहिलं, दोर फेकला, आणि आमची मोटारबोट आपल्या डोंग्याला बांधून काठाला ओढून नेली. ही जिजाबाई. सोनडोहची आशाताई. गावातल्या बाळंतिणींना, तापाच्या पोरांना पलीकडच्या दवाखान्यात नेण्याचं काम तिचं, आणि नेण्याचं साधन म्हणजे हाच डोंगा.

काठावर उतरल्यावर ती ‘तर्री’भोवती एक चक्कर मारून म्हणाली, “बोट मोठी हाय बाप्पा. चालली असती तं अजून बरं झालं असतं.”

मला ते लागलं. पण चहा आला, आणि चहावर ती जे बोलली त्याने माझा मानापमान कुठल्या कुठे गेला. धरण झालं तेव्हापासून सोनडोहला रस्ता नाही. वल्हवत पलीकडे जायला वारा पाठीशी असला तर ठीक, समोरून असला तर अर्धा दिवस. गावातली निम्मी पोरं त्या डोंग्यातच जन्मलेली, तिचा स्वतःचा मुलगा रोहितसुद्धा. “त्याचं नशीब चांगलं होतं,” जिजाबाई म्हणाली. “मागच्या पावसाळ्यात एक अडलेली पोरगी नेऊन राहिली होती मी. वारा समोरून होता. माहे हात पुरले नाही.”

आम्हाला चहा देणारी मुलगी तिची सून, भूमिका. तिला दिवस गेलेले होते. जिजाबाईने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “हिचे दिवाळीच्या मागंपुढं भरतील. डोंग्याले एक इंजिन पाह्यजे, भाऊ. हात आता पहिल्यासारखे नाही राहिले.”

‘तर्री’चंच इंजिन काढून देऊ, असं मी तिथल्या तिथे जाहीर केलं. धम्मानंदने मला बाजूला घेऊन सांगितलं की ते इंजिन त्या डोंग्याला लावलं तर इंजिन पलीकडे पोचेल आणि डोंगा अलीकडे राहील. लाकडी डोंग्याला मागे अडकवायचं छोटं इंजिन लागतं. मग मी सरकारी मार्गाने जायचं ठरवलं. खरेदी विभागात माझं आयुष्य गेलंय. पत्रव्यवहार हे माझं शस्त्र आहे. एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी संगणकात पाहिलं आणि सांगितलं, सोनडोह हे गाव नाही. धरणाच्या वेळीच ते उठलेलं आहे.

“पण मी कालच तिथे चहा पिऊन आलो,” मी म्हणालो.

“तो तुमचा खाजगी प्रश्न आहे,” साहेब फार सौजन्याने म्हणाले. “गावच नाही, तं इंजिन कोणाले द्यायचं, तुम्हीच सांगा.”

घरी येऊन जेवलोही नाही नीट. आणि त्याच आठवड्यात धम्मानंदला फोनवर ती जाहिरात दिसली. दसऱ्यानंतर कोकणात मोटारबोटींची समुद्री शर्यत होती. शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येक चमूच्या नावाने आयोजक एक डोंग्याला लावायचं इंजिन देणार होते, चमू सांगेल त्या गावाला. गाव कागदावर आहे की नाही, असं त्यांनी कुठेच विचारलेलं नव्हतं. जिंकायची गरज नव्हती. फक्त ठरलेल्या वेळेत शर्यत पूर्ण करायची होती.

“समुद्र मी दोनदा पाहिला आहे,” मी म्हणालो.

“मी एकदाही नाही पाह्यला,” दुर्गेश म्हणाला. “म्हणजे आपला अनुभव भरपूर आहे.”

बोट समुद्रात उतरवायची तर ती समुद्राला लायक आहे असं प्रमाणपत्र लागतं. ते मिळवायचं तर बोट समुद्रात तपासावी लागते. आणि प्रमाणपत्र नसलेली बोट समुद्रात उतरवता येत नाही. या गोल रस्त्यावरून मी बरेच दिवस फिरलो. आमच्याकडच्या एका खिडकीवर मला बोटीचा चासी नंबर विचारला, दुसरीवर प्रदूषणाचा दाखला. अर्जात ‘समुद्रापासूनचं अंतर’ असा एक रकाना होता, तो मी भरला तेव्हा पलीकडच्या बाईंनी अर्ज शेजारच्या टेबलावर दाखवायला नेला आणि मग तो त्या मजल्यावर सगळीकडे फिरून आला. शेवटी किनाऱ्यावरच्या एका अधिकाऱ्याला फोन लागला. ‘नागपूर’ ऐकल्यावर ते इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग म्हणाले, “घेऊन या तुम्ही. खाडीवर मी स्वतः तपासतो. मला बघायचंच आहे.” त्या हसण्याचा मला त्या वेळी राग आला होता. आज नाही.

निघायच्या दिवशी सोसायटी खाली उतरली. बोटीच्या शेपटाशी इंजिनाचा जो पंखा असतो त्याला लिंबू-मिरची बांधली गेली. कोणी संत्र्यांच्या पेट्या दिल्या, कोणी बर्फी. बाबारावांनी उलटीवर इलाज म्हणून प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा घातला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “एक ध्यानात ठेवजो. बोट नेहमी घट्ट बांधायची. दोर ढिला सोडला, की गेली बोट. माही अख्खी नोकरी पाण्यावर गेली आहे.” हा सल्ला मी मनावर कोरून घेतला. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

दुर्गेशच्या पिकअपमागे ट्रेलर लावून आम्ही निघालो. वाटेत एका टोलनाक्यावर माणसाने बराच वेळ ‘तर्री’कडे बघून विचारलं, “काहून जी, पाण्यातून नाही नेता येत का हिले?” अश्लेषा म्हणाली, पाणी सापडलं की नेऊ. शेवटी एका संध्याकाळी मालवणच्या अलीकडच्या एका खाडीत आम्ही पोचलो. खाडी काठोकाठ भरलेली. बोट उतरवली, धक्क्याला लावली, आणि बाबारावांचं स्मरण करून मी तिचं नाक धक्क्याच्या लोखंडी कड्याला असं आवळून बांधलं की बोटभर दोर ढिला राहिला नाही. दुर्गेशने ओढून पाहिलं आणि गाठीची तारीफ केली. आम्ही समाधानाने झोपायला गेलो.

सकाळी येऊन पाहतो तर पाणी नाही.

म्हणजे थोडं कमी झालं असं नाही. खाडी गेलेली. ‘तर्री’ नाकाने धक्क्याला टांगलेली, शेपूट खाली चिखलात, आणि पोटातलं सगळं सामान बाहेर ओतलेलं. डबे, चिवडा, संत्री आणि समुद्रात रस्ता दाखवणारं यंत्र, जे धम्मानंदने मोठ्या मिनतवारीने मिळवलं होतं, ते सगळं चिखलात रुतलेलं.

आता आम्हाला हसणं सोपं आहे. पण नागपूरच्या माणसाच्या अनुभवात पाणी आपलं आपण कुठे जात नाही. ते वाढलं तर पावसाने वाढतं आणि कमी झालं तर कोणीतरी साहेबाने सही केल्याशिवाय होत नाही. मी सरळ बाबारावांना फोन लावला. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “वरून दरवाजे उघडले असतील. त्यांच्या ज्युनिअर इंजिनिअरले फोन लाव, आणि लेखी तक्रार टाक.” मी इंजिनिअरची चौकशी करायला लागलो तेव्हा धक्क्यावर मासे निवडणाऱ्या बायकांनी सुऱ्या खाली ठेवल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, “ओहोटी आसा ती.”

“भरती-ओहोटी शाळेत होतं ना आपल्याला?” अश्लेषा म्हणाली.

“होतं,” मी म्हणालो. “पण ते परीक्षेपुरतं.”

नेमके त्याच वेळी ते तपासणी अधिकारी आले. टांगलेल्या बोटीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. हसू आवरून ते म्हणाले, दोर मजबूत आहे. मग भरती येईपर्यंत आमच्याबरोबर बसले, उरलेली बर्फी खाल्ली, बोट वर आल्यावर नीट तपासली, खाडीत फिरवून पाहिली आणि शिक्का मारला. समुद्रात दोर कसा सैल बांधायचा तेही त्यांनी दाखवलं. रस्ता दाखवणारं यंत्र मात्र पुन्हा चालू झालं नाही.

शर्यत दुसऱ्या दिवशी. खाडीतून बाहेर पडायचं, समुद्रातल्या एका छोट्या बेटाला वळसा घालायचा आणि परत खाडीत, दोन झेंड्यांच्या मधून आत यायचं. बाकीचे चमू एकसारख्या काळ्या बनियनमध्ये, डोक्यावर शिरस्त्राणं, चेहऱ्यावर निश्चय. आमच्या खिशात कांदे. शिट्टी झाली, एकच गडगडाट झाला आणि समोर फेसाशिवाय काही दिसेना. फेस बसला तेव्हा एकही बोट दिसत नव्हती. समुद्रात मात्र ‘तर्री’ छान चालत होती. अश्लेषा लाटा अशा चुकवत होती जशी ती हातगाड्या चुकवते. दुर्गेशला उलटी आली, त्याने कांदा हुंगला, मग खाल्ला, आणि मग पुन्हा उलटी आली.

बेट कुठलं, हे काही केल्या कळेना. समुद्रातून पाहिलं की प्रत्येक खडक बेट वाटतो. मोबाईलचा नकाशा म्हणत होता, रस्ता सापडला नाही. आमच्याकडे अशा वेळी एक रीत आहे. नागपूरचा माणूस नकाशावर विश्वास ठेवत नाही. तो पानठेल्यापाशी गाडी थांबवतो, पत्ता विचारतो, आणि पुढच्या ठेल्यावर पहिल्याने खरं सांगितलं का ते विचारतो. समोर मासेमारीची एक होडी दिसली. शर्यतीत असं करतात का, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. आम्ही इंजिन बारीक केलं आणि तिच्या बाजूला गेलो.

“दादा, बेट इकडून कुठं पडते?” दुर्गेशने विचारलं.

होडीतला म्हातारा आमचा रंग न्याहाळत होता. “तुमी खंयचे?”

“नागपूरचे.”

“नागपुराक दर्यो खंय आसा?”

“नाही ना. म्हणून तं इथं आलो.”

हे उत्तर त्याला पटलं. त्याने बेट दाखवलं आणि थर्मासमधून चहा ओतला. आता समोरच्याने ओतलेला चहा नाकारायचा, असे संस्कार आमच्यावर नाहीत. आम्ही प्यायलो, संत्री दिली, त्याच्या घरच्यांची चौकशी केली. पुढे दुसरी होडी लागली. तिथे फक्त खात्री करायची म्हणून थांबलो. त्यांनीही तेच बेट दाखवलं आणि त्यांनीही चहा काढला. तिथे मात्र वेळेचं भान ठेवून आम्ही अर्धा अर्धाच घेतला. एवढ्यात आयोजकांची होडी आमच्यावर काय आपत्ती आली ते बघायला आली. त्यांनी काढलेला, चौघं हातात पेले धरून बसल्याचा फोटो आम्ही बेटाला वळसा घालण्यापूर्वी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोचला होता. त्याखाली बाबारावांनी लिहिलं होतं, ‘कांदा असताना चहा नको.’

परत खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा वेळ संपत आलेली, पण झेंडे समोर दिसत होते. किनाऱ्यावर बाकीचे चमू जेवत बसले होते. आता एवढंच अंतर, असं मी म्हणतो आहे तोच खालून खर्र असा आवाज आला आणि ‘तर्री’ थांबली. पाणी पुन्हा निघून चाललं होतं. बाकीच्या बोटी भरतीवर आत आल्या होत्या, आम्ही चहा पीत होतो. धम्मानंदने पंखा वर उचलला. “चालवलं तं तुटते,” तो म्हणाला.

खरं सांगतो, त्या क्षणी मला शर्यत, समुद्र, सोसायटी काही आठवलं नाही. भूमिका आठवली, चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली. दिवाळी तोंडावर आली होती. मी डोळे मिटले आणि बोटीतून उडी टाकली.

समुद्र माझ्या गुडघ्यापर्यंत होता.

ज्या कॅप्टनने शेवटपर्यंत बोट सोडायची नसते तो सर्वांच्या आधी खाली उतरलेला पाहून दुर्गेश आणि धम्मानंदही उतरले. पुढे काय करायचं ते कोणालाच सांगावं लागलं नाही. बंद पडलेला टेम्पो ज्याने आयुष्यात ढकललेला नाही, असा माणूस इतवारीत मिळणार नाही. तिघांनी मागून खांदे लावले. “जोर लगा के,” दुर्गेशने सुरुवात केली, आणि चिखलात मांड्यांपर्यंत रुतत आम्ही ती बोट ढकलायला लागलो. अश्लेषा एकटी वर, सुकाणू धरून, “डावीकडे, जरा डावीकडे,” असं सांगत होती. माझी एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली. किनाऱ्यावरचे लोक ताटं हातात घेऊन उभे राहिले होते. मला वाटलं हसताहेत. जवळ गेल्यावर कळलं, ते आमच्याबरोबर “जोर लगा के” म्हणत होते. शेवटच्या क्षणी ‘तर्री’ दोन झेंड्यांच्या मधून आत गेली आणि मी तिच्यामागून पालथा पडलो.

मुख्य पंच म्हणजे एक निवृत्त नौदल अधिकारी होते. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आम्ही तिघं चिखलाने माखून पुढ्यात उभे.

“नियम आहे, बाहेरची मदत न घेता,” ते म्हणाले. “ढकलणारे तुम्हीच ना?”

“आम्हीच,” मी म्हणालो.

“मग बसतं. शर्यतीत बोट ढकलू नये, असा नियम आम्ही केलेला नाही. कोणी ढकलेल असं वाटलं नव्हतं.” आणि त्यांनी आमचं नाव सर्वांत खाली लिहिलं. अश्लेषा सुकाणूवरच रडत होती. काळ्या बनियनवाल्या मुलांनी आमच्यासाठी ताटं वाढून आणली. त्यांची नावंही मला माहीत नाहीत. देव त्यांचं भलं करो.

इंजिन सोनडोहला पोचलं. धम्मानंदने रविवारी जाऊन जिजाबाईला ते शिकवलं, आणि चालवताना मध्ये बोलायचं नाही, ही ताकीद तिच्याकडून घेऊन आला. दिवाळी झाल्यावर गावाने आमचा सत्कार ठेवला. टेकाडावर मंडप, लाउडस्पीकर, खुर्च्या, शाल-श्रीफळ. आमची सोसायटी पाण्यापर्यंत बस करून आणि पुढे डोंग्याच्या खेपा करून आली. भाषण मी करायचं ठरलं होतं. साहस या विषयावर मी बरीच तयारी केली होती, आणि आरशासमोर म्हणून पाहिलं तेव्हा स्वतःचा मला आदर वाटला होता.

मी पहिल्या लाटेपर्यंत आलो होतो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मंचावर बसलेल्या जिजाबाईचं माझ्याकडे लक्ष नाही. ती पहिल्या रांगेकडे बघत होती. तिथे भूमिका खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेली. सकाळपासून कळा येत होत्या आणि कार्यक्रम मोडू नये म्हणून ती गप्प होती. जिजाबाई उठली, मंचावरून उतरली, सुनेपाशी जाऊन म्हणाली, “काहून सांगितलं नाही वं?” आणि तिला धरून पाण्याकडे निघाली. रोहित पुढे पळाला. त्यांच्यामागे सगळा मंडप उठला.

मी माईकपाशी एकटा उरलो. साउंडवाला म्हणाला, “साहेब, बंद करू का?” मी जरा घुश्शातच म्हणालो, “राहू दे.” समोर सगळ्या रिकाम्या खुर्च्या. खाली डोंगा काठावरून सुटला. वारा समोरूनच होता. इंजिनाचा आवाज आला, आणि तो आवाज एकदाही अडखळला नाही. डोंगा लहान होत गेला, वाऱ्याला न जुमानता सरळ जात राहिला, आणि कोणीतरी म्हणालं, “पोचली.” मला खाली उतरायचंही सुचलं नव्हतं, इतक्यात ती पलीकडे पोचली होती.

मग सगळे काठावर बसून राहिले. भात निवला, वरण निवलं, पंगत कोणी मांडली नाही. बाबाराव दुर्गेशशेजारी गवतावर बसले होते आणि त्यांनी कोणालाही काही सांगितलं नाही. सोनडोहात रेंज फक्त त्या टेकाडावर येते, म्हणून मी मंचावरच थांबलो. ऊन कलायला लागलं तेव्हा माझा फोन वाजला. फोन स्पीकरवर टाकून बोलायची मला वाईट खोड आहे. समोरचा माईक चालूच होता.

“भाऊ,” जिजाबाईचा आवाज अख्ख्या पाण्यावर गेला. “मोकळी झाली ती. पोरगी हाय. दोघी चांगल्या हायेत.”

मग एक फार म्हातारी बाई उठून उभी राहिली आणि माझ्याकडे तोंड करून तिने विचारलं, “कुठं झाली? डोंग्यातच का?”

मी फोन कानाला लावून विचारलं. उत्तर आलं आणि रेंज गेली. उत्तर मला ऐकू आलं होतं, खाली कोणाला आलेलं दिसत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी माईक तोंडाशी धरला.

“दवाखान्यात,” मी म्हणालो. “पलंगावर.”

म्हातारीने कानामागे हात धरला. “पुन्हा एक डाव सांग गा,” ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.